रुमालाखालचा भाव

पस्तीस वर्षं वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात
रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवले मी.
समोरच्याच्या तर्जनीला घाम सुटला
की कळायचं, अजून आठ आणे उतरेल.

आता रात्री दीडला, नेरुळात, चौथ्या मजल्यावर
लेकीच्या जुन्या लॅपटॉपपुढे बसलोय
कॉर्क विमानतळावरची भाड्याची गाडी शोधत,
आणि या दलालाला बोटंच नाहीत.

सकाळी एकशे ब्याण्णव युरो.
चहा ठेवून आलो तर दोनशे अकरा.
हिस्टरी पुसली, शालनचा फोन घेतला,
शेजारच्या कुट्टींच्या वायफायवरूनही पाहिलं,
माल तोच, वखार तीच,
पट्टी मात्र दर घराला वेगळी.

विमानतळावर घेतली की वर चढावा.
बसनं गावात जाऊन घेतली तर बावीसशे रुपये वाचतात
(दोन बॅगा, माझा गुडघा, बसचं तिकीट धरून
सतराशे म्हणा).
हमाली, तोलाई, वाराई इथेही आहे,
फक्त नावं गोरी:
काचेचा विमा, टायरचा विमा,
आणि विमा तोकडा पडला तर त्या विम्याचा विमा.

कल्याणी म्हणते, बाबा, मी सुट्टी काढते ना.
तिच्या वॉर्डात रविवारसुद्धा पाळीनं येतो.
नको, म्हणालो. आम्ही आमचे फिरू.

तेराव्या रात्री सापडली.
सहा दिवस, लहान, निळी, गिअरची,
एकशे अठ्ठेचाळीस.
एकट्यानंच मांडीवर थाप मारली.
नाव लिहिलं: डुंबरे, बबन सखाराम.
वय: शहात्तर.

पडद्यावर चाक फिरलं, फिरत राहिलं,
मग अतिशय सभ्य भाषेत लिहून आलं
की या वयासाठी गाडी उपलब्ध नाही.

मार्केटात मला असं कुणी बोललं नव्हतं.
मोड आलेल्या गोणीलाही आम्ही
काहीतरी भाव देऊनच उठायचो.

शालन मागे उभी होती, कधीची कोण जाणे.
माझं घाला, म्हणाली.
तुझं काय?
नाव. बासष्ट.
आणि साड्यांच्या घडीखालून
लायसन्स आणून ठेवलं माउसपाशी.

चौऱ्याण्णव साली तुर्भ्याला शिकत होती ती. आठ दिवस.
नवव्या दिवशी मी काहीतरी बोललो होतो.
काय, ते मला आठवत नाही.
तिला आठवतं.

पण तारीख ताजी होती, गेल्या मार्चमधली.
म्हणजे डॉक्टरचा दाखला घेऊन
आरटीओच्या रांगेत उभी राहिली असणार ही,
मला मेथी आणते सांगून.
आणि त्या दिवशी मेथी आणलीही असणार.

तिचं नाव घातलं.
भाव एकशे बेचाळीसवर आला.
सहा युरो कशाचे उतरले, ते लिहिलेलं नव्हतं.

आता रोज पहाटे, पाम बीचला जाग यायच्या आत,
सेक्टरमागच्या सरळ रस्त्यावर आम्ही दोघं.
मी डावीकडे बसून पाय दाबतो.
तिथे काही नाहीये, ती म्हणते,
नजर रस्त्यावरच.
आरसा तिनं स्वतःकडे वळवून घेतलाय,
त्यात मला मागचं काही दिसत नाही,
उजवीकडची काच तेवढी, आणि तिचा खांदा.

काल गिअरवरच्या तिच्या हातावर
मी हात ठेवला. सवयीनं.
बोटं कोरडी होती, खडखडीत.
हात काढा, म्हणाली,
तिसरा टाकायचाय.